जादा सौरवीज विकायची, पण कुणाच्या नावावर?

एप्रिलचं वीजबिल चार घड्या घालून शर्टाच्या खिशात होतं. शेजारच्या काकांनी ते फाटकातच माझ्या हातात दिलं. "हे बघ रे जरा. वजा अकराशे ऐंशी दाखवतंय. मी त्यांना द्यायचे का त्यांनी मला?"

"त्यांनी तुम्हाला," मी म्हटलं.

"मग जीएसटी नंबर काढावा लागतो का? धाकटा म्हणतोय कंपनीच काढून टाका, घसारा मिळतो."

अकराशे ऐंशी रुपयांसाठी कंपनी! (घसारा म्हणजे यंत्राची दर वर्षी झिजणारी किंमत खर्च म्हणून उत्पन्नातून वजा करणं.) हसू आलं खरं, पण मी लोकांची रिटर्न भरायचं काम करतो आणि गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी ऐकतोय. घरावर तीन किलोवॉट लावलेला शिक्षक विचारतो, वर्कशॉपवाला विचारतो, सोसायटीचे खजिनदार विचारतात, पडीक जमिनीवर मेगावॉटचा प्रकल्प टाकायला निघालेले दोन भाऊ विचारतात. प्रश्न एकच असला तरी उत्तरं चार आहेत, आणि एकाचं उत्तर दुसऱ्यानं उचललं की नुकसान ठरलेलं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. लेखात आयकराची कलमं १९६१ च्या कायद्यातल्या आकड्यांनी दिली आहेत, कारण ती सगळ्यांच्या तोंडात बसली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे. त्यात आकडे बदलले, उदाहरणार्थ ४४एडीचा, म्हणजे छोट्या धंद्याचा नफा उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी धरण्याचा, विषय आता कलम ५८ मध्ये आहे, आणि 'निर्धारण वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलं. सीएकडे जाताना एवढं लक्षात असू द्या.

पायरी १ : तुम्ही खरंच वीज विकताय का?

छतावर पॅनल लागले म्हणजे आपण वीज विकतो, असा बऱ्याच जणांचा समज असतो. नेट मीटरिंगमध्ये तसं नसतं. दुपारी तुमच्या छतावरून बाहेर गेलेले युनिट आणि रात्री तुम्ही आत घेतलेले युनिट यांची वजाबाकी होते. बिलावर इम्पोर्ट, एक्स्पोर्ट आणि पुढे ओढलेले युनिट असे तीन आकडे शोधा. एक्स्पोर्ट जास्त झाले तर ते युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं तेव्हा जे युनिट उरलेले असतात, तेवढेच वीज कंपनी विकत घेते आणि त्याचे पैसे पुढच्या बिलात वळते करते. काकांचे वजा अकराशे ऐंशी ते हेच.

म्हणजे वर्षभर जी देवाणघेवाण झाली, ती विक्री नाही. उन्हाळ्यात डबा भरून ठेवला आणि पावसाळ्यात त्यातूनच खाल्लं, इतकाच त्याचा अर्थ. घरगुती माणसाचा खर्च वाचला, आणि वाचलेल्या घरखर्चावर आयकर नसतो. कराचा प्रश्न फक्त वर्षअखेरीच्या त्या उरलेल्या युनिटांपुरता येतो.

नेट बिलिंगचा करार असेल तर मामला वेगळा. तिथे बाहेर गेलेल्या प्रत्येक युनिटची ठरलेल्या दरानं किंमत होते आणि ती रक्कम बिलातून वजा होते. हा दर तुम्ही वीज घेता त्या दरापेक्षा बराच कमी असतो. इथे दर महिन्याला खरीखुरी विक्री आहे. तेव्हा कराराच्या पहिल्या पानावर दोन्हीपैकी कोणता शब्द आहे तो बघा. महाराष्ट्रात या दोन्ही पद्धती राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांखाली चालतात, मग तुमची वीज कंपनी कुठलीही असो. गोव्यात संयुक्त वीज नियामक आयोगाचे नियम लागतात, त्यामुळे तिथल्या वाचकांनी दर आणि हिशेबाची पद्धत त्या नियमांत पाहावी. आयकर आणि जीएसटी दोन्हीकडे सारखेच.

परवान्याचं काय, हेही विचारतात. वीज कायदा २००३ च्या कलम ७ प्रमाणे वीज निर्माण करायला परवाना लागत नाही. पण वायर टाकून शेजाऱ्याला वीज विकणं म्हणजे वितरण झालं, आणि वितरणाला कलम १४ खाली परवाना लागतो. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक एकच, तुमची वीज कंपनी. समोरच्या किराणा दुकानाला 'आपसात' वीज देण्याचा विचार असेल तर सोडून द्या.

पायरी २ : आकारावरूनच निम्मा निर्णय होतो

महाराष्ट्रात एक किलोवॉटला दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास वीज मिळते. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. तीन किलोवॉटचे वर्षाला साधारण ४,३०० युनिट झाले. घराचा वापर ३,९०० असेल तर ४०० उरतात. उरलेल्या युनिटचा दर समजा ३ रुपये धरला, तर १,२०० रुपये होतात.

आता तेच घर, पण विक्रेत्यानं गळी उतरवलं म्हणून दहा किलोवॉट बसवले. १४,००० युनिट तयार, १०,००० उरले, हातात ३०,००० रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण जास्तीच्या सात किलोवॉटला तीन-साडेतीन लाख गेले, आणि सरकारी अनुदान तीन किलोवॉटच्या वर एक रुपयाही वाढत नाही. शिवाय कराराच्या अटींमध्ये वर्षअखेरी किती युनिट घेणार याची मर्यादा आहे का, तेही बघावं लागतं. घरात वापरलेलं युनिट तुम्हाला वरच्या स्लॅबचा दर वाचवून देतं आणि विकलेलं युनिट जेमतेम घाऊक भाव देतं. माझं मत स्पष्ट आहे: घराच्या छतावर विकण्यासाठी पॅनल लावू नयेत. मंजूर भारापेक्षा जास्त क्षमता तशीही मिळत नाही, आणि त्यासाठी भार वाढवून घेतलात तर स्थिर आकार वाढू शकतो.

पायरी ३ : मीटर कुणाच्या नावावर आहे?

यात मी स्वतः तोंडघशी पडलो. आमच्या घराचं मीटर वडिलांच्या नावावर, आणि वडील जाऊन सहा वर्षं झालेली. बिल येत होतं, भरत होतो, कुणाला फिकीर नव्हती. पॅनलचं ठरलं, विक्रेत्यानं माप घेतलं, आगाऊ रक्कम दिली, आणि पोर्टलवर अर्ज करायला बसलो तेव्हा ग्राहकाचं नाव, आधार आणि बँक खातं जुळेना. मग मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, घरपट्टीची पावती, बहिणीची सही घ्यायला पुण्याला एक खेप. पॅनल दीड महिना जिन्याखाली खोक्यात पडून होते. दुसऱ्यांना रोज कागद आणायला सांगणारा माणूस मी, चूक सर्वस्वी माझीच.

कराच्या दृष्टीनं हे नाव आणखी महत्त्वाचं. करार ज्याच्या नावावर, रक्कम ज्याला मिळते, उत्पन्न प्रथमदर्शनी त्याचं. पैसे मुलानं घातले, मीटर आईच्या नावावर आणि रिटर्न सुनेचं, असली खिचडी दोन-चार हजारांत खपून जाते, दोन-चार लाखांत खपत नाही. बायकोच्या नावावर प्रकल्प टाकून पैसे नवऱ्यानं दिले, तर कलम ६४ प्रमाणे उत्पन्न फिरून नवऱ्याच्याच डोक्यावर येतं. एकत्र कुटुंबाच्या, म्हणजे एचयूएफच्या नावावर स्वतःचा पैसा टाकला तरी तेच. म्हणून मीटर, पॅन, बँक खातं आणि गुंतवणूक ही चारही एका नावावर आणा. नाव बदलायचं असेल तर ते अर्जाच्या आधी.

पायरी ४ : तुमचं घर कोणत्या खणात बसतं ते पाहा

साधं घर

पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचं अनुदान थेट खात्यात येतं. योजना फक्त घरगुती ग्राहकांसाठी आहे.

अशा घरमालकानं कसलीही नोंदणी करायची नाही. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, नको, दुकाने कायद्याचा दाखला नको, चालू खातं नको. वर्षअखेरीची रक्कम 'इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न' या खाली दाखवायची, बचत खात्याच्या व्याजाच्या शेजारी. एरवी तुमचा आयटीआर-१, म्हणजे रिटर्नचा सगळ्यात साधा फॉर्म, भरला जात असेल तर तोच चालतो. रक्कम बँकेत न येता बिलात वळती झाली म्हणून ती सुटत नाही. पैशाऐवजी बिल कमी झालं, पण मिळालं तुम्हालाच. आणि नव्या करपद्धतीत निवासी व्यक्तीचं १२ लाखांपर्यंतचं साधं उत्पन्न सवलतीमुळे करमुक्त ठरतं, त्यामुळे काकांसारख्या पेन्शनरला यातून एक रुपयाही कर लागत नाही. तरी दाखवावं. सवय चांगली.

घसारा? नाही. या शीर्षकाखाली स्वतःच्या घराच्या पॅनलवर घसारा मिळत नाही. काकांच्या धाकट्यानं ऐकलं होतं ते खरं होतं, पण दुसऱ्याच्या घरचं.

अनुदानावर कर लागतो का? व्यक्तीला स्वतःच्या घरासाठी मिळालेल्या कल्याणकारी अनुदानाला, अनुदान म्हणजे उत्पन्न मानणारी आयकरातली तरतूद लावायची नाही, असा खुलासा प्रत्यक्ष कर मंडळानं गॅसच्या अनुदानाच्या वेळी, २०१५ मध्येच केला होता. धंद्याच्या पॅनलला एखादं अनुदान मिळालं तर मात्र ते पॅनलच्या किमतीतून वजा करून उरलेल्या किमतीवर घसारा काढायचा.

जीएसटीचं उत्तर एका ओळीचं आहे. वीज ही जीएसटीतून माफ असलेली वस्तू आहे, आणि जो फक्त माफ वस्तू विकतो त्याला कलम २३ प्रमाणे नोंदणीच लागत नाही, मग विक्री कितीही असो.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक टीप. पुण्या-नाशिकचं घर तुमच्या नावावर असेल आणि जादा युनिटचे पैसे येत असतील, तर ते भारतातलं उत्पन्न आहे. रक्कम एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नासाठीच्या खात्यात घ्या. अनिवासी माणसाला आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो, आणि १२ लाखांची ती सवलतही निवासी लोकांसाठीच आहे.

मग घराचा धंदा कधी होतो? कायद्यात किलोवॉटची रेघ आखलेली नाही. मी माझ्या लोकांना एकच कसोटी सांगतो: प्रकल्प घराच्या वापरावरून मापला आणि चुकून उरलं, तर इतर उत्पन्न. विक्री डोळ्यांसमोर ठेवून मापला, कर्ज काढलं, वर्षानुवर्षं निम्म्याहून जास्त वीज बाहेर जाते, तर तो धंदा आहे, भले पॅनल गच्चीवर का असेनात. एकदा एक बाजू धरली की दर वर्षी तीच धरा. यंदा इतर उत्पन्न आणि पुढच्या वर्षी घसारा हवा म्हणून धंदा, हे चालत नाही.

दुकान, वर्कशॉप, गिरणी

इथे धंदा आधीच आहे. नवी कंपनी, नवी भागीदारी काही नको. पॅनल धंद्याच्या वहीत यंत्रसामग्री म्हणून येतात, वाचलेलं वीजबिल आपोआप नफ्यात दिसतं, आणि वर्षअखेरीची विक्री धंद्याच्याच उत्पन्नात जाते.

सौर प्रकल्पाला आयकरात ४० टक्के घसारा आहे. ही गोष्ट विक्रेता पहिल्या भेटीतच सांगतो. दुसरी गोष्ट तो सांगत नाही. तुम्ही कलम ४४एडी खाली, म्हणजे उलाढालीच्या ८ टक्के किंवा डिजिटल जमेवर ६ टक्के नफा धरून रिटर्न भरत असाल, तर घसारा त्या टक्क्यांतच आला असं मानलं जातं. वेगळा एक पैसाही मिळत नाही. गेल्या वर्षी एका फॅब्रिकेशनवाल्यानं दहा लाखांचा प्रकल्प 'चार लाख घसारा मिळतो' या हिशेबावर घेतला. रिटर्नच्या वेळी माझ्याकडे आला तेव्हा तो चौथ्या वर्षी सलग ४४एडीमध्ये होता. बाहेर पडला असता तर पुढची पाच वर्षं त्या सवलतीत परत येता आलं नसतं, आणि उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असल्यानं ऑडिट गळ्यात पडलं असतं. दोन्ही हिशेब कागदावर मांडले, आणि त्यानं घसारा सोडला.

नियमित वही ठेवणाऱ्यांनी तारीख सांभाळायची. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर पहिल्या वर्षी घसारा निम्मा, म्हणजे ४० ऐवजी २० टक्के. एरवीच्या वर्षात याचा अर्थ ३ ऑक्टोबरपर्यंत प्रकल्प चालू हवा. आणि चालू म्हणजे बिल फाडलं तो दिवस नाही, पॅनल गच्चीवर चढले तोही नाही. नेट मीटर बसून प्रकल्प ग्रीडला जोडला गेला तो दिवस. त्याचा कागद मागून घ्या आणि बिलाला टाचून ठेवा. पॅनल ऑगस्टमध्ये लागले पण मीटर दिवाळीनंतर आलं, असं सर्रास होतं.

जीएसटीचा भागही इथे जरा अवघड आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पूर्ण प्रकल्प बसवून घेताना ७० टक्के किंमत वस्तूंची आणि ३० टक्के सेवेची धरतात, सेवेवर १८ टक्के, त्यामुळे एकूण ८.९ टक्के पडतो. तुमच्या कोटेशनमध्ये सरसकट १८ लावलाय का ते बघा. नोंदणी असेल तर हा कर इनपुट क्रेडिट म्हणून घेता येतो, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा करता येतो, पण जादा वीज विकली की ती माफ विक्री ठरते, आणि त्या प्रमाणात क्रेडिट परत करावं लागतं. शिवाय क्रेडिट घेतलेल्या करावर पुन्हा घसारा घेता येत नाही. विक्री किरकोळ असेल तर परत करायची रक्कमही किरकोळच, पण शून्य नाही.

एक सापळा नोंदणी नसलेल्यांसाठी. जीएसटीची एकूण उलाढाल मोजताना माफ विक्रीही धरतात. समजा तुमचं सर्व्हिसिंग सेंटर आहे, वर्षाची सेवा १९ लाख आणि शेडवरच्या पॅनलची वीजविक्री दीड लाख. बेरीज साडेवीस, सेवेची मर्यादा २० लाख. वीज माफ असूनही तिच्यामुळे तुम्ही नोंदणीच्या रेषेपलीकडे गेलात.

गृहनिर्माण सोसायटी

लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांच्या सामाईक मीटरवर पॅनल बसवले तर सूर्यघर योजनेतून किलोवॉटला १८,००० रुपये मिळतात, घरटी तीन किलोवॉट धरून ५०० किलोवॉटपर्यंत. ठराव सर्वसाधारण सभेत करा, आणि अनुदान व वीजविक्रीची रक्कम कोणत्या निधीत जाईल तेही त्याच ठरावात लिहा. सहा महिन्यांनी नवी कमिटी आली की हाच वाद निघतो.

कराची गोम अशी: सभासदांकडून येणारी वर्गणी परस्परतेच्या तत्त्वामुळे, म्हणजे आपलाच पैसा आपल्यासाठीच असल्यानं, करात येत नाही, पण वीज कंपनी तुमची सभासद नाही. तिच्याकडून आलेली रक्कम करपात्र आहे. आणि सहकारी संस्थेला व्यक्तीसारखी करमुक्त मर्यादा नसते. पहिल्या १०,००० वर १० टक्के, पुढच्या दहा हजारांवर २० टक्के, त्यावर ३० टक्के. पण जुन्या पद्धतीत कलम ८०पी(२)(सी) ची ५०,००० रुपयांपर्यंतची वजावट आहे. बहुतेक सोसायट्यांची जादा वीज त्यातच बसते. फक्त ती मागायला रिटर्न भरावं लागतं, तेही वेळेत. रिटर्न न भरणाऱ्या सोसायट्या किती आहेत, ते खजिनदारांनाच विचारा.

शेतजमिनीवरचा प्रकल्प

खरा विचार करावा लागतो तो इथेच. पीएम-कुसुम या केंद्राच्या शेतीतल्या सौर ऊर्जेच्या योजनेचा 'अ' घटक शेतकरी, शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था, पंचायती, शेतकरी उत्पादक संस्था यांना ५०० किलोवॉट ते २ मेगावॉटचा प्रकल्प टाकून वीज कंपनीला वीज विकता यावी म्हणून आखलेला. करार २५ वर्षांचा. इथे 'जादा' वीज नाही, सगळीच विक्री आहे.

पहिला गैरसमज काढून टाकू. शेतात पिकते म्हणून ही वीज शेतीचं उत्पन्न होत नाही. कलम २(१ए) मध्ये शेती म्हणजे शेती. पॅनलची वीजही करपात्र आणि पॅनलसाठी दिलेल्या जमिनीचं भाडंही करपात्र.

स्वतः प्रकल्प टाकायचाच नसेल तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमीन भाड्यानं देता येते. हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये आणि दर वर्षी ३ टक्के वाढ. मोकळ्या जमिनीचं हे भाडं इतर स्रोतांच्या उत्पन्नात जातं, घरभाड्यासारखी ३० टक्के सरसकट वजावट त्याला नाही. भाडं महिन्याला ५०,००० च्या वर गेलं तर देणारा १० टक्के टीडीएस कापतो. शेतीसाठी दिलेल्या जमिनीला जीएसटी नाही, पण प्रकल्पासाठी दिलेल्या जमिनीचं भाडं ही करपात्र सेवा आहे. तुमची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी नको, आणि घेणारा नोंदणीकृत असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून तो कर त्यानंच भरायचा. भाड्यावर थांबणाऱ्यानं कसलीही संस्था काढू नये. पॅन आणि बँक खातं पुरे.

स्वतः टाकणाऱ्यांनी मात्र आकडे मांडून बघावेत. समजा एक मेगावॉट, जमीन सोडून खर्च चार कोटी, वर्षाला १५ लाख युनिट, दर ३ रुपये. जमा ४५ लाख. देखभाल ५ लाख आणि पहिल्या वर्षीचं व्याज २८ लाख वजा केलं तर १२ लाख उरतात.

४४एडी घेतलं तर ४५ लाखांच्या ६ टक्के, म्हणजे २ लाख ७० हजार नफा धरला जाईल. भागीदारी संस्थेला ३० टक्के आणि उपकर मिळून साधारण ८४,००० रुपये कर. स्वस्त वाटतं ना? आता वही ठेवून बघा. पहिल्या वर्षीचा ४० टक्के घसारा १ कोटी ६० लाख. दुसऱ्या वर्षी ९६ लाख. तिसऱ्या वर्षी ५७ लाख ६० हजार. कर शून्य, आणि न वापरला गेलेला घसारा कालमर्यादेशिवाय पुढे ओढता येतो. या आकड्यांवर पहिली दहा वर्षं तरी कर लागत नाही. सोपं म्हणून पहिल्याच वर्षी ४४एडी धरणारा दर वर्षी ८४,००० फुकट घालवतो, वर त्याच्या घसाऱ्याचे डोंगरही कागदावर झिजत राहतात.

यातून निघणारी गोष्ट लोकांना पटायला वेळ लागतो. दहा वर्षं करच नसेल, तर एकल मालकी की भागीदारी की एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) की कंपनी हा निर्णय कराचा राहतच नाही. तो भाऊबंदकीचा निर्णय आहे.

सातबारा काढा आणि त्यावरची नावं मोजा. एकच नाव, एकाचाच पैसा, वारस सरळ असेल तर एकल मालकी ठीक. पण करार २५ वर्षांचा आहे आणि मालक ५५ वर्षांचा, तर मध्येच मालक बदलणार हे उघड आहे. दोन भाऊ असतील तर साधी भागीदारी स्वस्तात होते, पण प्रत्येक भागीदार सगळ्या देण्याला वैयक्तिक जबाबदार, आणि निबंधकाकडे नोंदणी केली नाही तर भागीदारी कायद्याच्या कलम ६९ मुळे कोर्टात दावाही लावता येत नाही. एलएलपीत जबाबदारी मर्यादित राहते आणि एक भागीदार गेला तरी करार ज्या नावावर आहे ती संस्था टिकते. बदल्यात दर वर्षी मे अखेरीला फॉर्म ११ आणि ऑक्टोबर अखेरीला फॉर्म ८, उलाढाल ४० लाखांवर किंवा भांडवल २५ लाखांवर गेलं की ऑडिट, आणि ४४एडीचं दार कायमचं बंद. कंपनीला ऑडिट पहिल्या दिवसापासून. कराचा दर २२ टक्क्यांचा पर्याय घेतला तर सरचार्ज-उपकर धरून २५.१७, एलएलपीच्या ३१.२ पेक्षा कमी, पण तो फरक घसारा संपल्यावर हातात येणार. बँक तर दोन्हीकडे वैयक्तिक हमी मागतेच, त्यामुळे 'मर्यादित जबाबदारी' ही निदान कर्जापुरती कागदावरच राहते.

दोन कुटुंबांसाठी मी एलएलपी सुचवतो. चार-पाच कुटुंबं किंवा बाहेरचा गुंतवणूकदार आला तर कंपनी. एचयूएफच्या नावावर २५ वर्षांचा करार मी कुणालाच सुचवलेला नाही. वाटणी झाली की संस्थाच विरघळते.

जमीन मात्र संस्थेच्या नावावर करायला जाऊ नका. कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, आणि एलएलपी किंवा कंपनी म्हणजे शेतकरी नव्हे. जमीन भावांच्या नावावर राहू द्या आणि संस्थेला नोंदणीकृत भाडेपट्ट्यानं द्या. भाडं संस्थेचा खर्च, भावांचं करपात्र उत्पन्न. ज्या भावाची जमीन जास्त त्याला भाडं जास्त, आणि नफा मात्र भांडवलाच्या प्रमाणात. हे दोन हिशेब वेगळे ठेवले की निम्मी भांडणं होतच नाहीत. भागीदारांना पगार किंवा भांडवलावर व्याज देणार असाल तर १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला २०,००० च्या वर १० टक्के टीडीएस कापावा लागतो, तेही करारनामा लिहितानाच ध्यानात घ्या.

पायरी ५ : कागदांचा क्रम

क्रम चुकला की सगळं उलटं पडतं. आधी जमिनीची किंवा मीटरची नावं सरळ करा. मग संस्था लागणार असेल तर ती स्थापन करा, तिचा पॅन आणि चालू खातं काढा. उद्यम नोंदणी फुकट आहे, सौर वीजनिर्मितीचा एनआयसी कोड, म्हणजे उद्योगांच्या वर्गवारीतला क्रमांक, ३५१०५. त्यानंतर त्याच नावानं अर्ज, त्याच नावानं कर्ज, त्याच नावानं पॅनलचं बिल, आणि सगळ्यात शेवटी वीजखरेदीचा करार. करार एकल नावावर करून 'पुढे एलएलपीत टाकू' म्हणणाऱ्यांना वीज कंपनी आणि बँक दोघांची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि मालमत्ता हस्तांतराचा कराचा प्रश्न वेगळाच उभा राहतो.

घरमालकाची फाईल याच्या पावपट. नेट मीटरचा करार, जोडणीचा कागद, पॅनलचं बिल, अनुदान जमा झाल्याची बँकेची नोंद, आणि दर वर्षीचं ज्यात उरलेल्या युनिटांचा हिशेब आहे ते एप्रिलचं बिल. काकांच्या फाईलमध्ये ते वजा अकराशे ऐंशीचं बिल मी टाचलं, वर पेन्सिलीनं 'इतर उत्पन्न' लिहिलं, आणि धाकट्याला फोन करून कंपनीचं नाव शोधायचं थांबव म्हणून सांगितलं. त्यानं लोगोसुद्धा करून ठेवला होता.